मोत्याचे नाक

परभणीच्या मोंढ्यात दिवाळीनंतरचे दिवस सोयाबीन आणि कापसाचे. सकाळपासून ट्रॅक्टर आणि टेम्पो येऊन थांबतात, हमालांच्या पाठीवरून पोती उतरतात, आडत दुकानांच्या ओसरीवर थप्प्या लागतात आणि बीट सुरू झाले की कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही. अशा गर्दीत एका दुकानाच्या पायरीवर एक तांबूस रंगाचा कुत्रा सात वर्षे निर्धास्त झोपत आला होता. हमालांनी त्याचे नाव मोत्या ठेवले होते. दुकानाचे मालक, ज्यांना सारा मोंढा काकाजी म्हणून ओळखतो, त्यांनी त्याला पाळले असे कधी म्हटले नाही. तो आपणहून आला आणि राहिला. घरातली शेवटची भाकरी त्याची, एवढाच काय तो करार.

गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर रक्ताचे दोन थेंब पडलेले काकाजींना एका सकाळी दिसले. मुनीमजींना वाटले, कोणाचे बोट कापले असेल. पण थेंब पायरीपर्यंत गेलेले होते आणि पायरीवर मोत्या शिंकत बसला होता. उजव्या नाकपुडीला रक्त लागले होते.

त्यानंतरचे दोन महिने अंदाजांत गेले. पहिला अंदाज हमालांचा: कुसळ गेले असेल. मराठवाड्यात हा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. पावसाळा संपता संपता माळावरचे गवत वाळते, त्याची टोकदार कुसळे कुत्र्याच्या नाकात, कानात, पंजाच्या बेचक्यात शिरतात आणि आत गेलेले कुसळ मागे फिरत नाही. दुसरा अंदाज उष्णतेचा. मग एका ठिकाणी गोळ्या मिळाल्या. त्यांनी आठ दिवस रक्त थांबे, नवव्या दिवशी पुन्हा येई. गोळी भाकरीत घालून देण्याचे काम काकींकडे होते. सूर्यास्तानंतर घरात कोणी खात नसे, म्हणून संध्याकाळची गोळीही दिवस मावळण्यापूर्वीच दिली जाई. मोत्यालाही ती वेळ ठाऊक झाली होती. पण पौष लागेपर्यंत त्याच्या उजव्या डोळ्याखाली नाकाचे हाड किंचित वर आलेले दिसू लागले, तेव्हा घरातल्या सर्वांनाच कळले की हे कुसळ नाही.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वी ते मराठवाडा कृषी विद्यापीठाचे होते. आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे आहे. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या गाई, म्हशी आणि बैल तिथल्या चिकित्सालयात वर्षानुवर्षे येत आले आहेत. मोंढ्यातला बेवारस कुत्रा टेम्पोत घालून तिथे नेणारे आडतदार मात्र थोडेच असतील.

तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी एक्स-रे काढलाच नाही. काकाजींना हे थोडे खटकले, कारण ते एक्स-रे काढण्याच्याच तयारीने आले होते. बाईंनी मोत्याच्या कानामागचे केस बाजूला करून चार-पाच गोचिडी दाखवल्या आणि रक्त तपासायला घेतले. उष्ण प्रदेशातील कुत्र्यांत गोचिडीमुळे होणारा एर्लिकियाचा ताप सर्रास आढळतो. त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी इतक्या कमी होतात की नाकातून आपोआप रक्त वाहू लागते. अशा कुत्र्याच्या नाकात काही खुपसले तर रक्त थांबवणे कठीण. शिवाय तो आजार गोळ्यांनी बरा होतो, एक्स-रेची गरजच उरत नाही. मात्र त्या तापात रक्त बहुधा दोन्ही नाकपुड्यांतून येते. मोत्याचे एकाच बाजूने येत होते, आणि तेच बाईंना बोचत होते. रक्ताचा अहवाल चांगला आला. पेशी पुरेशा होत्या, रक्त वेळेत गोठत होते.

“काकाजी, परवा सकाळी आणा. आदल्या रात्रीपासून खायला काही देऊ नका. भूल द्यावी लागेल.”

“म्हणजे मोत्याचाही उपवास,” काकी घरी म्हणाल्या.

नाकाचा एक्स-रे काढण्यासाठी भूल कशाला, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. १८९५ साली रंटगेनने क्ष-किरण शोधले आणि पत्नीच्या हाताची छाया जगाला दाखवली. हात सपाट असतो, पाच बोटे वेगवेगळी दिसतात. डोके तसे नसते. कुत्र्याच्या लांबट तोंडात वरचा जबडा, खालचा जबडा, बेचाळीस दात, टाळू आणि कवटी हे सारे एकावर एक येते. बाजूने फिल्म काढली तर डावे आणि उजवे नाक एकमेकांवर पडते, आणि कोणत्या बाजूला दोष आहे हेच कळत नाही. म्हणून खरी कामाची फिल्म निराळ्या रीतीने काढतात. कुत्र्याला पूर्ण झोपवून पातळ फिल्म तिरप्या कोपऱ्याने त्याच्या तोंडात, जिभेच्या वर, जाईल तितकी आत सरकवायची आणि किरण वरून सोडायचे. असे केले की खालचा जबडा चित्रातून निघून जातो आणि नाकाची दोन दालने शेजारी शेजारी उघडी पडतात. श्वासाची नळीसुद्धा खालच्या जबड्याशी बांधतात, नाहीतर तिचीच सावली पडते. डोके तिळभर वाकडे असले तरी एक बाजू उगाच गडद आणि दुसरी फिकट दिसते, आणि निरोगी नाकालाही रोग चिकटतो. जागा कुत्रा हे काहीच करू देणार नाही.

फिल्म प्रकाशाच्या पेटीवर लावली तेव्हा खोलीत अंधार केला होता. बाई, त्यांच्यासोबत शिकणारी दोन मुले आणि दाराशी काकाजी.

“या ना काकाजी, पुढे या. वही वाचता तशीच ही वाचायची आहे. डावे पान आणि उजवे पान. ताळा जमतो का, एवढेच आधी बघायचे.”

मधोमध एक पांढरी रेघ होती. नाकाचा पडदा ज्या अस्थीवर उभा असतो तिची ती रेघ. ही अस्थी नांगराच्या फाळासारखी दिसते, म्हणून शरीरशास्त्रातले तिचे लॅटिन नावही फाळ याच अर्थाचे आहे. रेघेच्या डावीकडे काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढऱ्या रेषा जवळजवळ समांतर धावत होत्या. कुत्र्याच्या नाकात कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांना शुक्तिका म्हणतात. श्वासाची हवा त्यांच्यावरून जाताना ऊबदार व ओलसर होते, आणि मागच्या भागातील अशाच गुंडाळ्यांवर वासाचे ज्ञान पसरलेले असते. हवा काळी दिसते, हाड पांढरे दिसते. म्हणून निरोगी नाकाची फिल्म नीट आखलेल्या पानासारखी दिसते.

उजव्या पानावर पुढचा तिसरा हिस्सा असाच आखलेला होता. त्याच्या मागे रेषा पुसल्या गेल्या होत्या. काळे असावे तिथे सरसकट करडा ढग होता, डोळ्यांच्या रेषेपर्यंत पसरलेला. मधली पांढरी रेघ एका जागी फिकट झाली होती आणि किंचित डावीकडे रेटली गेली होती. कपाळातली उजवी पोकळीही करडी होती.

“ट्यूमर,” विद्यार्थ्यांपैकी एक हळूच म्हणाला.

तो चुकीचे बोलला नव्हता. नुसती सर्दी किंवा सूज असती तर ढगाआडून रेषा अंधुक का होईना दिसल्या असत्या. बुरशीचा आजार असता तर बुरशी शुक्तिका खाऊन टाकते, तेव्हा रेषा जातात पण जागा मोकळी होऊन अधिक काळी दिसते, करडी नव्हे. कुसळ असते तर ते दिसलेच नसते. गवताची काडी क्ष-किरणांना अडवत नाही, सुई किंवा छर्रा असता तर चमकला असता. रेषा नाहीशा होणे, त्यांच्या जागी करडा ढग येणे आणि मधली अस्थी रेटली जाणे ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की अनुभवी माणूस गाठीचाच विचार करतो. आणि कुत्र्याच्या नाकातील गाठी बहुतांशी घातक असतात. अमेरिकेत नाकाच्या कर्करोगाच्या १३९ कुत्र्यांचा अभ्यास झाला होता. उपचार न मिळालेल्या त्या कुत्र्यांचे निदानानंतरचे आयुष्य मध्यक हिशेबाने ९५ दिवसांचे भरले. त्यावरचा मुख्य उपाय किरणोपचार, आणि तो मोंढ्यातल्या कुत्र्याच्या वाट्याला येण्यासारखा नव्हता.

काकाजींनी विचारले, “म्हणजे संपले का ताई?”

बाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. फिल्मवर रक्त, पू, शेंबूड आणि मांस यांचा रंग एकच असतो, हे त्यांनी आधी सांगितले. कपाळातली करडी पोकळी बघून गाठ तिथवर पोहोचली असे वाटते. पण वाट अडल्यामुळे मागे नुसता शेंबूड साचला असेल तरी तिचे चित्र हुबेहूब असेच येते. गाठ आहे, असे फिल्म बऱ्याच खात्रीने सांगते. कुठे आहे, केवढी आहे, हाड खाते आहे का, तेही सांगते. कोणत्या जातीची, ते सांगत नाही.

“नमुना काढावा लागेल,” त्या म्हणाल्या.

हे वाक्य मात्र काकाजींना समजावून सांगावे लागले नाही. चाळीस वर्षांत त्यांनी नुसते पोते बघून माल घेतला नव्हता. पोते भरदार दिसते, शिवण नवी असते, वरच्या थरात दाणा टपोरा असतो. तरी आडतदार लोखंडी परखी पोत्यात खुपसून मधला दाणा तळहातावर घेतो आणि मगच बोलतो. पोत्याला वरून नाव ठेवणारा माणूस मोंढ्यात टिकत नाही.

मोत्या अजून भुलेतच होता. फिल्म आधी आणि नमुना नंतर हा क्रम उलटा करता येत नाही. नमुना काढताना रक्त येतेच, आणि त्या रक्ताचाच ढग फिल्मवर उमटतो. बाईंनी चिमटा मोत्याच्या नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत बाहेरून मोजला आणि त्या मापावर चिकटपट्टीची खूण केली. त्यापलीकडे चाळणीसारखे पातळ हाड असते आणि हाडापलीकडे मेंदू. खुणेच्या आत राहून दोन-तीन ठिकाणचे तुकडे निघाले. एक तुकडा काचपट्टीवर अलगद टेकवून त्याचे ठसे घेतले, बाकीचे बाटलीत गेले. ठशांचे उद्या सकाळी कळेल, असे ठरले.

त्या रात्री काकाजींच्या घरी जे बोलणे झाले ते अनेक घरांत कधी ना कधी झालेले असेल, जनावराबद्दल नाही तर माणसाबद्दल.

धाकटा मुलगा म्हणाला, “बाबा, त्याला इंजेक्शन देऊन सोडवू या. तीन महिने रक्त गळत मरणे ही कसली दया? आपण बघत राहायचे, हीसुद्धा हिंसाच आहे.”

काकींनी हातातले काम खाली ठेवले. “जीव आपण दिलेला नाही. घेणारे आपण कोण?”

दोघेही खोटे बोलत नव्हते, म्हणूनच बोलणे लांबले. कुत्र्याच्या जिवावरून महाराष्ट्रात याहून मोठी भांडणे झाली आहेत. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने बेवारस कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर व्यापारी समाजही त्यात सामील झाले, बाजार बंद पडला; आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आदींच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. तेव्हापासून आश्रय देण्याचे काम व्यापारी समाजाने मनापासून केले आहे. आश्रयाला आलेल्या जनावराच्या आत काय चालले आहे हे बघण्याचे काम मागाहून आले, आणि अजूनही थोड्याच ठिकाणी होते. बेवारस कुत्र्यांसंबंधीचे २०२३ चे केंद्रीय नियमही मरण देण्याची मुभा असाध्य आजारी आणि प्राणांतिक जखमी कुत्र्यांपुरतीच ठेवतात, तीही पशुवैद्यकांच्या निदानानंतर. मग असाध्य कोणाला म्हणायचे? त्या रात्री काकाजींच्या घरात हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण वाद नेमका त्याचाच होता. मुलाने फिल्म बघितली नव्हती, तिच्याविषयी ऐकले होते. ऐकलेल्या ढगावरून त्याने हिशेब मांडला होता.

काकाजी एवढेच म्हणाले, “परखीचा दाणा अजून हातात आलेला नाही.”

सकाळी बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवले. काचपट्टीवर गोल गोल पेशी विखुरलेल्या होत्या, आणि त्यांच्या कडेकडेने स्वच्छ, पोकळ टिंबे मण्यांसारखी ओवलेली. काकाजींना त्यातले काही कळणे शक्य नव्हते. बाईंच्या चेहऱ्यावरचे मात्र कळले.

ही गाठ नाकाच्या नेहमीच्या कर्करोगाची नव्हती. कुत्र्यांना एकमेकांपासून लागणारी एक गाठ असते, पशुवैद्यक तिला टी.व्ही.टी. म्हणतात. रशियन पशुवैद्यक नोविन्स्की याने १८७६ च्या सुमारास ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या शरीरात ती निर्माण झाली, तो कुत्रा केव्हाच मेला, आणि त्याच्या पेशी एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात आजही जिवंत आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांत समागमातून ती पसरते. पण हुंगण्या-चाटण्यातूनही पसरते, तेव्हा ती नाकात रुजते, आणि तीही नरांत अधिक. माणसाला ती लागत नाही. एक्स-रेवर ती घातक कर्करोगासारखीच दिसू शकते: तोच ढग, त्याच पुसलेल्या रेषा. फरक असा की ही गाठ औषधाने बहुधा पूर्ण विरघळते.

ते औषध म्हणजे व्हिन्क्रिस्टिन. ते सदाफुलीपासून मिळते, हे ऐकून काकी थक्क झाल्या. त्यांच्या अंगणात दोन रोपे होती. बाईंनी घाईघाईने सांगितले की पाने वाटून द्यायची नाहीत. झाड विषारी आहे, आणि औषध होण्यासाठी त्यातला नेमका अंश काढावा लागतो. औषधही सौम्य नव्हे. आठवड्यातून एकदा शिरेतून द्यायचे, शिरेबाहेर थेंब सांडला तर मांस सडते, दर वेळी आधी रक्त तपासायचे, आणि पुढले दोन-तीन दिवस कुत्र्याचे मलमूत्र हातमोजे घालून उचलायचे. हातमोज्यांचे काम धाकट्या मुलाने आपणहून अंगावर घेतले. त्याविषयी घरात कोणी काही बोलले नाही.

पहिल्या इंजेक्शननंतर मोत्या दोन दिवस भाकरीकडे बघेना. दुसऱ्यानंतर रक्त थांबले. तिसऱ्याच्या आधी पांढऱ्या पेशी कमी भरल्या म्हणून आठवडाभर थांबावे लागले. पाच इंजेक्शने झाल्यावर डोळ्याखालचा उंचवटा दिसेनासा झाला. मोंढ्यात तोवर तुरीची आवक सुरू होऊन ओसरतही आली होती.

बाईंनी पुन्हा भूल देऊन दुसरी फिल्म काढली. दोन्ही फिल्म पेटीवर शेजारी लावल्या. नव्या फिल्मवर ढग नव्हता, कपाळातली पोकळी स्वच्छ काळी झाली होती. म्हणजे तिथे गाठ गेलेलीच नव्हती, शेंबूडच साचला होता. पण उजव्या पानावरच्या रेषा परत आल्या नव्हत्या. गाठीने गिळलेल्या शुक्तिका पुन्हा उगवत नाहीत. त्या जागी आता मोकळा काळोख होता.

बाईंनी विद्यार्थ्यांकडे नवी फिल्म एकटीच दिली आणि वाचायला सांगितले. दोघांनी सावकाश पाहिले. मागच्या वेळी ट्यूमर म्हणणारा या वेळी म्हणाला, “शुक्तिका नष्ट, जागा काळी... बुरशी?”

“पाकिटावर काय लिहिले आहे ते न वाचता फिल्म वाचली, तर बुरशीच,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पाकिटावर तारीख, पाच इंजेक्शने आणि काचपट्टीचा निकाल ठळक अक्षरांत लिहिला.

काकाजींनी दोन्ही फिल्म मागून घेतल्या. दुकानातल्या कपाटात जुन्या वह्यांच्या वर त्या ठेवल्या आहेत. मोत्याची नसबंदीही त्याच चिकित्सालयात झाली, आणि मोंढ्यातल्या आणखी तीन कुत्र्यांचे नाक हमालांनी आपणहून दाखवून आणले. त्यातल्या एकाच्या नाकातून खरोखरच कुसळ निघाले. मोत्या पायरीवर झोपतो. रिकाम्या झालेल्या उजव्या बाजूतून त्याच्या श्वासाचा बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, आणि बीट संपून मोंढा शांत झाला की तो गादीवर बसलेल्या माणसालाही ऐकू येतो.